आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती : अणू आणि आयन यांची तुलना कशी करावी

अकरावीच्या रसायनशास्त्रातील आवर्तसारणीचे प्रकरण संपते, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत दोन वाक्ये अधोरेखित केलेली असतात : आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा वाढते आणि गणात वरून खाली येताना ती कमी होते. ही वाक्ये चुकीची नाहीत, परंतु प्रवेश परीक्षांतील प्रश्न नेमके जेथे ती लागू पडत नाहीत तेथूनच काढले जातात. मग नायट्रोजन आणि ऑक्सिजन, फ्लोरीन आणि क्लोरीन, ॲल्युमिनियम आणि गॅलियम अशा जोड्यांची 'अपवाद' या मथळ्याखाली यादी केली जाते आणि ती पाठ केली जाते. माझ्या मते ही यादी पाठ करण्याची मुळीच गरज नाही. कोणता कण इलेक्ट्रॉन गमावतो आणि गमावल्यानंतर काय उरते, ही दोन टोके प्रत्येक वेळी कागदावर लिहिली, तर नियमात बसणारी आणि न बसणारी अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे एकाच विचाराने सुटतात. इतकेच नव्हे, तर इलेक्ट्रॉन आसक्ती ही वेगळी राशी म्हणून शिकण्याचे कारणही उरत नाही, कारण ती ऋण आयनाची आयनीभवन ऊर्जाच असते.

आधी प्रक्रिया लिहावी

आयनीभवन ऊर्जा म्हणजे वायुरूप अवस्थेतील, एकाकी आणि न्यूनतम ऊर्जापातळीवरील कणापासून सर्वांत सैलपणे बांधलेला इलेक्ट्रॉन पूर्णपणे दूर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा. या व्याख्येतील एकही विशेषण अनावश्यक नाही. सोडियमसाठी प्रक्रिया अशी लिहावी :

सोडियम अणू (वायू) → सोडियम धन आयन (वायू) + इलेक्ट्रॉन; लागणारी ऊर्जा ४९६ किलोज्यूल प्रति मोल.

सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर जे घडते ते या समीकरणात नाही. तेथे धातूचा स्फटिक मोडण्याची ऊर्जा लागते आणि आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा झाल्यामुळे ऊर्जा मोकळीही होते. 'सोडियमची आयनीभवन ऊर्जा कमी, म्हणून तो पाण्याशी जोरात अभिक्रिया करतो' हे विधान अर्धेच का खरे आहे, हे वायुरूप हा शब्द लिहिला की आपोआप दिसते.

'पूर्णपणे दूर' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. १९१४ मध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या बाष्पातून इलेक्ट्रॉन पाठवले, तेव्हा ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा गमावतात असे त्यांना आढळले आणि ती पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा असावी असा अर्थ त्यांनी प्रथम लावला. प्रत्यक्षात त्या ऊर्जेने पाऱ्याचा इलेक्ट्रॉन केवळ वरच्या पातळीवर जातो. तो अणूबाहेर काढण्यासाठी १०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. प्रयोग इतका मोलाचा होता की त्यासाठी दोघांना १९२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि उत्तेजन व आयनीभवन यांतील फरक त्या एका आकड्यातून कायमचा स्पष्ट झाला.

एककांबाबत गोंधळ नको. अणुभौतिकीत एका अणूसाठी इलेक्ट्रॉनव्होल्ट वापरतात आणि रसायनशास्त्रात एका मोलसाठी किलोज्यूल. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू म्हणजे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल, सोडियमचे ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट याच गुणाकाराने ४९६ होतात. यापुढे जेथे एकक लिहिलेले नाही तेथे किलोज्यूल प्रति मोल समजावे.

आता इलेक्ट्रॉन आसक्ती. वायुरूप अणूला एक इलेक्ट्रॉन मिळून ऋण आयन तयार होताना जी ऊर्जा मोकळी होते, ती त्या अणूची इलेक्ट्रॉन आसक्ती. क्लोरीनसाठी ती ३४९ आहे. विद्यार्थ्यांना सर्वाधिक त्रास येथे चिन्हाचा होतो, कारण काही पुस्तके आसक्ती देतात आणि मोकळी झालेली ऊर्जा धन मानतात, तर काही पुस्तके इलेक्ट्रॉन स्वीकारतानाचा एन्थाल्पी बदल देतात, ज्यात तीच ऊर्जा उणे ३४९ अशी लिहिली जाते. दोन संकेतांपैकी कोणता वापरला आहे हे प्रश्नाच्या पहिल्या वाचनातच ओळखावे. 'सर्वांत ऋण एन्थाल्पी बदल कोणाचा' आणि 'सर्वांत जास्त आसक्ती कोणाची' हे एकाच अर्थाचे प्रश्न आहेत. काटेकोर हिशेबात २९८ केल्व्हिनला एन्थाल्पी आणि ऊर्जा यांत सुमारे ६ किलोज्यूलचा फरक पडतो, परंतु क्रम लावण्याच्या प्रश्नात तो सहसा सोडून देता येतो.

दोन राशी, एकच शिडी

क्लोरीनची आसक्ती ज्या समीकरणाने लिहितात ते उलट वाचावे : क्लोराइड आयनातून एक इलेक्ट्रॉन काढला की क्लोरीन अणू मिळतो आणि त्यासाठी ३४९ लागतात. म्हणजे क्लोरीन अणूची इलेक्ट्रॉन आसक्ती ही क्लोराइड आयनाची आयनीभवन ऊर्जा आहे. पुढच्या पायरीवर क्लोरीन अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२५१ लागतात, आणि त्याच्याही पुढे एक धन प्रभार असलेल्या आयनातून काढायला २२९८. प्रत्येक मूलद्रव्यासाठी अशी एकच शिडी असते; आसक्ती ही तिची शून्यावी पायरी, पहिली आयनीभवन ऊर्जा ही पहिली पायरी आणि दुसरी आयनीभवन ऊर्जा ही दुसरी. वर चढताना ऊर्जा द्यावी लागते आणि त्याच पायरीवरून खाली उतरताना तेवढीच मिळते.

शिडी समजली की आयनांविषयीचे अवघड वाटणारे प्रश्न एका ओळीत सुटतात. सोडियम धन आयनाची इलेक्ट्रॉन आसक्ती किती? तो इलेक्ट्रॉन घेऊन सोडियम अणू होतो, म्हणजे ४९६. दोन धन प्रभारांच्या मॅग्नेशियम आयनाची आसक्ती किती? मॅग्नेशियमची दुसरी आयनीभवन ऊर्जा, म्हणजे १४५१. येथे काहीही गणित करायचे नाही. फक्त कोणत्या दोन कणांमधली पायरी विचारली आहे ते ओळखायचे आहे.

ही केवळ कागदावरची सोय नाही. आसक्ती मोजण्याची आजची सर्वांत अचूक रीत हीच आहे : ऋण आयनांच्या झोतावर लेसरचा प्रकाश टाकायचा, त्याची ऊर्जा हळूहळू वाढवायची आणि इलेक्ट्रॉन सुटू लागण्याचा उंबरठा नोंदवायचा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील आयसोल्डे या सुविधेत ॲस्टेटीनची पहिली आयनीभवन ऊर्जा २०१३ मध्ये ९.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी आणि आसक्ती २०२० मध्ये २.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी लेसरनेच मोजली गेली. ज्या मूलद्रव्याचा सर्वाधिक टिकणारा समस्थानिकही सुमारे आठ तासांत निम्मा होतो, त्याच्या शिडीच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या अशा हाती लागल्या.

पायरीची उंची कशावर ठरते

प्रत्येक तुलनेत चार गोष्टी पाहाव्यात. केंद्रकात किती प्रोटॉन आहेत. निघणारा इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात, म्हणजे केंद्रकापासून किती दूर आहे. त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे आच्छादन किती आहे. आणि तो ज्या उपकवचात आहे तेथे त्याला शेजारच्या इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण किती सोसावे लागते. यांतील एकच गोष्ट बदलत असेल तर उत्तर लगेच मिळते. एकापेक्षा जास्त बदलत असतील तर त्या एकाच दिशेने ओढतात की विरुद्ध दिशांनी, एवढे पाहावे लागते.

एकच इलेक्ट्रॉन असलेल्या कणांत आच्छादनही नाही आणि प्रतिकर्षणही नाही, त्यामुळे तेथे नेमके सूत्र चालते : १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट गुणिले अणुअंकाचा वर्ग. हीलियमच्या एक धन प्रभाराच्या आयनासाठी ५४.४ आणि लिथियमच्या दोन धन प्रभारांच्या आयनासाठी १२२.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दुसरा आकडा ९६.५ ने गुणला तर सुमारे ११,८१० मिळतात आणि लिथियमची तिसरी आयनीभवन ऊर्जा तक्त्यात ११,८१५ दिलेली असते.

यानंतरचा सर्वांत बोलका संच म्हणजे दहा इलेक्ट्रॉनांचे समइलेक्ट्रॉनी कण. फ्लोराइड आयन ३२८, निऑन अणू २०८१, सोडियम धन आयन ४५६२, दोन धन प्रभारांचा मॅग्नेशियम आयन ७७३३, तीन धन प्रभारांचा ॲल्युमिनियम आयन ११,५७७. पाचही ठिकाणी इलेक्ट्रॉन २ पी उपकवचातून निघतो आणि उरणाऱ्या नऊ इलेक्ट्रॉनांची मांडणीही एकसारखीच असते. बदलतो तो फक्त प्रोटॉनांचा आकडा. या संचात आसक्ती, पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी आयनीभवन ऊर्जा अशा पाच वेगवेगळ्या नावांच्या राशी आहेत, तरीही त्या एकाच सुरळीत वक्रावर बसतात.

हे आकडे घेऊन पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. लगतच्या आकड्यांतील फरक १७५३, २४८१, ३१७१ आणि ३८४४ येतात. या फरकांमधील फरक ७२८, ६९० आणि ६७३. ते जवळजवळ स्थिर आहेत आणि डावीकडे जाताना थोडे वाढतात. आता फ्लोराइडच्या डावीकडे आणखी एक पाऊल टाकले, तर दहा इलेक्ट्रॉनांचा पुढचा कण म्हणजे दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन. फरकांमधील पुढचा फरक सुमारे ७७० धरला, तर १७५३ मधून ७७० वजा जाता ९८३ उरतात आणि ३२८ मधून ९८३ वजा करता उणे ६५५ मिळतात. पायरीची उंचीच उणे निघाली, याचा अर्थ एकाकी ऑक्साइड आयनातून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागत नाही, उलट ती मिळते. असा आयन निर्वातात स्वतःहून इलेक्ट्रॉन टाकून देतो. स्फटिकांच्या ऊर्जांवरून अप्रत्यक्षपणे काढलेले मूल्यही याच पट्ट्यात, उणे ७०० च्या थोडे खाली येते. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन देताना १४१ मोकळे होतात आणि दुसरा देताना ७०० हून अधिक खर्च करावे लागतात, हे वाक्य पुस्तकात एरवी कोरडे वाटते. चार वजाबाक्यांनी ते स्वतः काढता येते, हे मला या विषयातले फार सुंदर स्थळ वाटते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ऑक्साइड आयन टिकतो तो स्फटिकातील भोवतालच्या धन आयनांच्या आधारावर, स्वतःच्या बळावर नव्हे.

दुसऱ्या आवर्तातून चालताना

आता लिथियमपासून निऑनपर्यंत पहिल्या आयनीभवन ऊर्जा पाहाव्यात : लिथियम ५२०, बेरिलियम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. एकूण चढणीत बोरॉनपाशी आणि ऑक्सिजनपाशी अशा दोन ठिकाणी घसरण आहे.

बोरॉनचे कारण सरळ आहे. बेरिलियममधून निघणारा इलेक्ट्रॉन २ एस मधला आहे आणि बोरॉनमधून निघणारा २ पी मधला. २ एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अधिक जवळपर्यंत शिरतो, २ पी तितका शिरत नाही आणि शिवाय त्याला २ एस च्या जोडीचे थोडे आच्छादनही मिळते. एक प्रोटॉन वाढल्याचा फायदा त्यामुळे पुरता पडत नाही.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे 'अर्धे भरलेले उपकवच स्थिर असते' हे उत्तर इतक्या सवयीने दिले जाते की त्यामागचे कारण कोणी विचारतच नाही. आकड्यांकडे पाहावे. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांत वाढ २८५ आणि ३१६ अशी आहे. ऑक्सिजन, फ्लोरीन, निऑन यांत ती ३६७ आणि ४०० अशी आहे. म्हणजे या दोन जवळजवळ समांतर चढणी आहेत आणि दुसरी चढण पहिलीपेक्षा खाली सुरू होते. पहिल्या चढणीवरच ऑक्सिजन राहिला असता तर त्याचा आकडा १७५० च्या आसपास आला असता; प्रत्यक्षात तो १३१४ आहे. नायट्रोजन आपल्या रेषेवरच आहे, तो विशेष वर गेलेला नाही. खाली आला आहे तो ऑक्सिजन. त्याच्या २ पी मधील चौथ्या इलेक्ट्रॉनला आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या कक्षकात जोडीने राहावे लागते आणि त्या जोडीतील प्रतिकर्षणामुळे तो काढणे सोपे जाते. परीक्षेत अर्ध्या भरलेल्या उपकवचाचे उत्तर लिहिले तर गुण मिळतात, परंतु फॉस्फरस आणि गंधक यांच्यातील फरक (१०१२ आणि १०००) इतका लहान का, हे त्या उत्तरातून कळत नाही. तिसऱ्या कवचात ३ पी कक्षक मोठे आणि पसरट असल्याने जोडीतील प्रतिकर्षण सौम्य असते, म्हणून तेथील घसरणही सौम्य आहे.

याच आवर्तातील आसक्ती आता शेजारी ठेवाव्यात : लिथियम ६०, बेरिलियम शून्याखाली, बोरॉन २७, कार्बन १२२, नायट्रोजन जवळजवळ शून्य, ऑक्सिजन १४१, फ्लोरीन ३२८, निऑन शून्याखाली. शून्याखाली याचा अर्थ तो अणू इलेक्ट्रॉन धरूनच ठेवत नाही. पहिल्या नजरेत हे आकडे विस्कळीत वाटतात, परंतु शिडीची कल्पना वापरली की त्यांची शिस्त दिसते. लिथियमचा ऋण आयन इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत बेरिलियमसारखा असतो, कार्बनचा नायट्रोजनसारखा, नायट्रोजनचा ऑक्सिजनसारखा, फ्लोरीनचा निऑनसारखा. म्हणून आयनीभवन ऊर्जेच्या आलेखात जी शिखरे बेरिलियम, नायट्रोजन आणि निऑन यांच्यावर होती, ती आसक्तीच्या आलेखात एक घर डावीकडे सरकून लिथियम, कार्बन आणि फ्लोरीन यांच्यावर येतात. आणि बोरॉन, ऑक्सिजन व सोडियम येथील दऱ्या बेरिलियम, नायट्रोजन आणि निऑन यांच्यावर येतात. नायट्रोजनची आसक्ती इतकी कमी का, याचे उत्तर ऑक्सिजनच्या घसरणीतच आहे : येणारा इलेक्ट्रॉन चौथा आहे आणि त्याला जोडीने राहायचे आहे. दोन आलेख एकाच कागदावर काढून एक दुसऱ्यावर सरकवून पाहिले, तर पुन्हा काही पाठ करावे लागत नाही.

गणात खाली उतरताना

गणात खाली जाताना कवचे वाढतात आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर जातो, म्हणून लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३ आणि सीझियम ३७६ असा उतरता क्रम मिळतो. येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते फ्लोरीन आणि क्लोरीनपाशी. हॅलोजनांच्या आसक्तीचा क्रम क्लोरीन ३४९, फ्लोरीन ३२८, ब्रोमीन ३२५, आयोडीन २९५ असा आहे. फ्लोरीनचे दुसरे कवच लहान आहे आणि त्यात आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीने बसलेले आहेत. आठव्याला केंद्रकाचे आकर्षण भरपूर मिळते, परंतु दाटीमुळे प्रतिकर्षणही भरपूर मिळते. ऑक्सिजन (१४१) आणि गंधक (२००) यांच्यातही कारण तेच आहे. मग एक रास्त प्रश्न उरतो : क्लोरीनची आसक्ती जास्त असताना फ्लोरीन वायू अधिक प्रबळ ऑक्सिडीकारक कसा? याचे उत्तर पुन्हा प्रक्रिया पूर्ण लिहिण्यात आहे. फ्लोरीन रेणूतील बंध तोडायला १५८ लागतात आणि क्लोरीन रेणूतील २४२. अर्ध्या रेणूपासून एक ऋण आयन करायचा तर फ्लोरीनसाठी ७९ वजा ३२८, म्हणजे उणे २४९, आणि क्लोरीनसाठी १२१ वजा ३४९, म्हणजे उणे २२८. क्रम उलटला, आणि पाण्यात लहान फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू अधिक घट्ट बसत असल्याने तो फरक आणखी वाढतो.

ॲल्युमिनियम (५७८) आणि गॅलियम (५७९) यांच्या मध्ये दहा मूलद्रव्यांची डी मालिका येते. त्या दहा प्रोटॉनांना ३ डी इलेक्ट्रॉन पुरते आच्छादित करत नाहीत, म्हणून कवच वाढूनही ऊर्जा घटत नाही. झिर्कोनियम (६४०) आणि हॅफ्नियम (६५९) यांच्यात हेच काम ४ एफ इलेक्ट्रॉन करतात.

क्रमवार ऊर्जांवरून मूलद्रव्य ओळखताना

'पहिल्या चार आयनीभवन ऊर्जा ५७८, १८१७, २७४५ आणि ११,५७७ आहेत. मूलद्रव्य कोणत्या गणातील?' अशा प्रश्नात लगतच्या आकड्यांचा फरक न काढता गुणोत्तर काढावे. येथे गुणोत्तरे ३.१, १.५ आणि ४.२ अशी आहेत. सर्वांत मोठी उडी तिसऱ्यानंतर आहे, म्हणजे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन सैल आहेत आणि चौथा आतल्या कवचातला आहे, मूलद्रव्य ॲल्युमिनियम. पहिले गुणोत्तर ३.१ असे बरेच मोठे आहे आणि त्यामुळे काही विद्यार्थी पहिल्या गणाकडे वळतात. ते मोठे असण्याचे एक कारण असे की पहिला इलेक्ट्रॉन ३ पी मधला आणि दुसरा ३ एस मधला आहे. खऱ्या पहिल्या गणातील उडी कशी असते ते सोडियममध्ये पाहावे : ४९६ नंतर थेट ४५६२, म्हणजे नऊपट.

डी मालिकेतील आयनांसाठी एकच पथ्य आहे. मांडणी लिहिताना ४ एस आधी भरला असला, तरी इलेक्ट्रॉन काढताना ४ एस मधलाच आधी काढायचा. मँगनीज आणि लोह यांच्यापैकी तिसरी आयनीभवन ऊर्जा कोणाची जास्त? दोन धन प्रभारांच्या मँगनीज आयनात ३ डी मध्ये पाच इलेक्ट्रॉन आहेत, सर्व एकेकटे. लोहाच्या तशाच आयनात सहा आहेत आणि एक जोडी झालेली आहे. म्हणून मँगनीजची ३२४८ आणि लोहाची २९५७. तांबे आणि जस्त यांची दुसरी ऊर्जाही याच रीतीने लावावी : तांब्याच्या एक धन प्रभाराच्या आयनातून ३ डी मधला इलेक्ट्रॉन काढावा लागतो (१९५८), जस्ताच्या आयनातून मात्र ४ एस मधला उरलेला एकटा (१७३३).

दोन्ही राशी एकाच हिशेबात

शाळेत सांगितले जाते की सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरीनला तो घ्यायचा असतो. हे वाक्य मनातून काढून टाकावे. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात आणि क्लोरीनला दिल्यावर ३४९ मिळतात. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन अणूंमध्ये ही देवघेव झाली तर १४७ चा तोटाच होतो. सर्वांत कमी आयनीभवन ऊर्जा सीझियमची, ३७६, आणि सर्वांत जास्त आसक्ती क्लोरीनची, ३४९. म्हणजे मूलद्रव्यांची कोणतीही जोडी निवडली तरी ही देवघेव फायद्याची होत नाही. मीठ तयार होते ते आयन एकत्र येऊन स्फटिक बनतो म्हणून. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या चक्रात सर्व पायऱ्या अशा जोडल्या जातात : सोडियमचे संप्लवन १०७, क्लोरीनच्या अर्ध्या मोलाचा बंध १२२, आयनीभवन ४९६, आसक्तीमुळे उणे ३४९ आणि स्फटिकजालकामुळे उणे ७८७. बेरीज उणे ४११ येते आणि सोडियम क्लोराइडची निर्मिती ऊष्मा हीच आहे.

अशाच हिशेबाने रसायनशास्त्रातील एक पक्की समजूत १९६२ मध्ये मोडली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करणारे नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतूनच इलेक्ट्रॉन काढून लवण तयार केल्याचे आढळले होते. ऑक्सिजन रेणूची आयनीभवन ऊर्जा ११६५ आहे आणि झेनॉनची ११७०. दोन्ही धन आयनांचा आकार सारखाच असेल तर स्फटिकजालकाची ऊर्जाही सारखीच येईल, आणि प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडची आसक्ती दोन्ही हिशेबांत तीच आहे. चक्रातील बदलणारी पायरी फक्त ५ ने बदलत होती. बार्टलेट यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडचे लालभडक बाष्प एकत्र आणले आणि पिवळसर नारिंगी घन मिळाला. राजवायू अभिक्रियाच करत नाहीत हा समज त्याने संपवला. त्या घनाची रचना पुढे मूळ कल्पनेपेक्षा गुंतागुंतीची निघाली, परंतु ज्या तुलनेवरून प्रयोग करावासा वाटला ती तुलना बरोबर होती. तोच हिशेब क्रिप्टॉनसाठी मांडला तर १३५१ मुळे तो १८१ ने आणखी तोट्यात जातो आणि आर्गॉनसाठी १५२१ मुळे ३५१ ने. म्हणून क्रिप्टॉनची संयुगे मोजकीच आहेत, आणि सामान्य तापमानाला टिकणारे आर्गॉनचे एकही उदासीन संयुग मिळालेले नाही.